मध्यरात्रीचं अर्घ्य

लंडनजवळच्या पिनरच्या आमच्या कॅमेरा क्लबचे किस्से निर्माल्यासारखे आहेत. रोज थोडे साचतात, आणि टाकवत मात्र नाहीत! खरे मेंबर आमचे हे. मी आपली चहा करणारी. पण नॉर्वेच्या ट्रिपपासून तिथे माझाही थोडा मान आहे, म्हणून सांगते.

*

ह्यांचा डावा डोळा आधीपासूनच अधू, त्यात त्या वर्षी उजव्याच्या रेटिनाचं ऑपरेशन झालं. स्वतः डॉक्टर, तरी प्रत्येक फोटोनंतर मला विचारायचे, "शार्प आलाय का गं?" नजर नीट आली नाही, तर नॉर्वेनंतर कॅमेरा विकून टाकायचा, असं मनाशी ठरवून बसलेले.

मी सूर्यनारायणाला नवस बोलले, वर्षभर रोज उगवतीला अर्घ्य देईन. आता पिनरमध्ये सूर्य दिसणार कधी? पेपरातली वेळ बघून ढगांनाच पाणी द्यायचे! शेजारचा डेरेक, क्लबचा सेक्रेटरी, कुंपणावरून म्हणाला, "सुधा, पॅटिओच्या फरशीला पाणी घालून काही उगवत नाही हं!"

"उगवेल," मी म्हटलं.

*

जूनमध्ये क्लबबरोबर नॉर्वेच्या पार उत्तरेला गेलो. तिथे सूर्य मावळतच नाही! मग उगवती कुठली धरायची? एजवेअरच्या गुरुजींना फोन लावला. म्हणाले, "वहिनी, सोपंच झालं की! केव्हाही द्या."

ते 'केव्हाही' काही माझ्या मनाला पटेना. पहिल्या दोन रात्री खडकावर बसून नुसती बघत राहिले. सूर्य तिरका तिरका उतरतो, समुद्राला टेकतोय असं वाटतं, आणि पुन्हा वर निघतो. म्हटलं, तो वळतो तीच उगवती!

*

डेरेकने मध्यरात्रीच्या फोटोसाठी बाराचा गजर लावला. उठला, धावत टेकडीवर गेला, शंभरेक फोटो काढून आला. "अख्ख्या टेकडीवर मी एकटा! तुम्ही सगळे आळशी!"

आमच्या अध्यक्षबाई मार्गारेट. त्याच्यापुढे सूप ठेवत म्हणाल्या, "डेरेक, हा लंच आहे."

*

एकादशीला केबिनमध्ये साबुदाण्याची खिचडी केली. मार्गारेटबाईंनी तीनदा घेतली आणि अगदी गंभीरपणे विचारलं, "हा कडक उपास महिन्यातून दोनदाच करू देतात का गं?"

*

शेवटची रात्र. घड्याळात बारा वाजले. सगळ्यांनी खटाखट फोटो काढले आणि ट्रायपॉड मिटायला घेतले.

मी म्हटलं, "थांबा. अजून उतरतोय."

"पंचांगात आहे वाटतं?" डेरेक हसला.

"पंचांगात नाही. इथलं घड्याळ सूर्याच्या पुढे पळतं. दोन रात्री बघितलंय मी."

मार्गारेटबाईंनी मुकाट्याने ट्रायपॉड परत उघडला. मग सगळ्यांनीच. पाऊण तास वाऱ्यात कुडकुडत उभे होते बिचारे! मी तांब्याचा गडू घेऊन पाण्याच्या कडेला गेले. सूर्य खाली आला. अगदी खाली. थबकला.

"वळला!" मी ओरडले, आणि अर्घ्य सोडलं. सगळ्यांचे कॅमेरे एकदम वाजले!

हे बाजूच्या खडकावर, माझ्यापासून वीसेक पावलांवर होते. त्यांनी कॅमेरा डोळ्यापासून खाली घेतला. रिकामा गडू धरून मी त्यांच्याकडे बघत उभी. आता विचारतील, शार्प आलाय का.

हे तिथूनच ओरडले, "अगं, कुंकू डावीकडे सरकलंय तुझं!"