बंद करू नये

तुम्ही दोघांनी मागच्या रविवारी व्हिडिओवर विचारलंत, की आजीच्या टेबलाखालचा काळा डबा एवढा घरघरतो, तर ती तो फेकून का देत नाही. तुमचे बाबा हसले आणि म्हणाले, दिवाळीला आलो की नवीन लॅपटॉप आणतो, डबा कबाडीवाल्याला देऊन टाकू. मी “अच्छा” म्हटलं आणि फोन ठेवला. दिवाळीला आता फार दिवस राहिले नाहीत, म्हणून लिहायला बसले आहे. पण डब्याबद्दल सांगायचं तर आधी एका माणसाबद्दल सांगावं लागेल.

हे गृहस्थ कंप्यूटर दुरुस्त करायला आले की आधी काहीच करत नसत. चपला दाराबाहेर काढत, खुर्चीत बसत आणि तुम्हाला ताप आला की मी कपाळावर ठेवते तसा तळहात डब्यावर ठेवून थांबत. मग म्हणत, “पहले पूछ लेते हैं.” स्क्रूड्रायव्हर त्यानंतर.

त्यांचं नाव मी लिहीत नाही. त्यांनी स्वतःही ते कुठे लिहिलं नव्हतं. अलीगंजच्या बाजारात शिंप्याच्या आणि चष्म्याच्या दुकानांमध्ये त्यांची अरुंद खोली होती. पाटीवर एवढंच होतं: ‘कंप्यूटर ठीक होते हैं’. ते ठीक कोण करतं, याचा उल्लेख नव्हता. मी तीस वर्षं मुलांना इंग्रजी व्याकरण शिकवलं आहे. कर्ता नसलेलं वाक्य मला खटकतं. तसं मी त्यांना एकदा सांगितलं. ते जरा विचार करून म्हणाले, “भाभीजी, ज़्यादातर तो अपने आप ही होते हैं. हम पास बैठते हैं.”

त्यांच्या मते जगातल्या वस्तू तीन प्रकारच्या होत्या. ‘है’, ‘है पर बंद है’ आणि ‘है ही नहीं’. लोक दुसऱ्या प्रकाराला तिसरा समजतात आणि उगाच रडतात, असं त्यांचं म्हणणं. शेजारच्या पांडे मॅडमनी एकदा आपला प्रिंटर मेल्याचं सगळ्या गल्लीला कळवलं होतं. हे गेले, तळहात ठेवला, थांबले आणि विचारलं, “काग़ज़ है?” नव्हता. ते हसले नाहीत. पांडे मॅडमना ते हसले असते तर बरं वाटलं असतं.

माझ्या गुडघ्यामुळे मी गच्चीवर जायचं सोडलं होतं. गुडघ्यालाही त्यांनी दुसऱ्या प्रकारात टाकलं. तेव्हापासून मी कठडा धरून गच्चीवर जाते.

आता आजोबांच्या शब्दकोशाबद्दल. आजोबा, बाहेरच्यांचे ‘डॉक्टर साहब’, दिवसभर एका संशोधन संस्थेत वनस्पतींवर काम करत आणि घरी आले की शब्द गोळा करत. आम्ही साताऱ्याकडचे, पण तुमचे बाबा आणि आत्या इथे हिंदी मुलखातच वाढले. घरात मराठी, फाटकाबाहेर हिंदी, आणि फाटक कायम उघडं. बाबा एकदा रडत आले, “आई, माझी पतंग फटली.” मी रागावणार होते. आजोबांनी चिठ्ठीवर लिहून घेतलं: ‘फटली. फाटली आणि फट गई यांच्या मधली. पतंग व चड्डी यांसाठी.’ अशा चिठ्ठ्या ते वर्षानुवर्षं जमवत राहिले. निवृत्त झाल्यावर एकेक चिठ्ठी कंप्यूटरवर टाईप केली आणि टाईप झाली की फाडून टाकली. पसारा मला आवडत नाही, म्हणून. हा दोष माझा.

हे सगळं त्यांनी एका जुन्या मराठी प्रोग्रामात केलं होतं. तो त्या काळच्या विंडोजवरच चाले. दुसरीकडे कुठे कोश उघडला तर नुसते चौकोन आणि प्रश्नचिन्हं दिसत. आजोबा गेले. वर्षभराने त्यांचा कंप्यूटरही गेला. तळहात ठेवून, विचारून झालं. तो तिसऱ्या प्रकारात निघाला. त्याची डिस्क मात्र शाबूत होती.

तेव्हा या कंप्यूटरवाल्यांनी मला एक योजना सांगितली. घरात दुसरा कंप्यूटर होता, म्हणजे हाच काळा डबा. तोही जुनाच, पण चालणारा. त्याच्या आत आणखी एक कंप्यूटर तयार करायचा. त्याला ना डबा, ना वायर. फक्त या डब्याला वाटणार, की तो आपल्या पोटात आहे. त्या आतल्या कंप्यूटरमध्ये जुनं विंडोज आणि आजोबांची डिस्क जशीच्या तशी उतरवायची.

मी विचारलं, हा तुमच्या तिन्हींपैकी कुठला प्रकार? त्यांनी पुन्हा डब्यावर तळहात ठेवला. शेवटी म्हणाले, “है नहीं, पर चलता है.” आपल्या व्यवस्थेत चौथा प्रकार घालावा लागल्याचं त्यांना दुःख झालेलं दिसलं.

हा आतला कंप्यूटर बनवणारा प्रोग्राम त्यांनी डब्यावर चढवला. तो म्हणाला, या कंप्यूटरच्या प्रोसेसरमध्ये असल्या कामाची सोय नाही. यांनी प्रोसेसरचा नंबर उतरवून घेतला, दुकानात जाऊन प्रोसेसरांची यादी पाहिली आणि परत आले. सोय होती. “है, पर बंद है,” ते समाधानाने म्हणाले. कंप्यूटर सुरू होताना एक बटण दाबून धरलं की विंडोजच्या आधी एक निळा पडदा येतो, त्याला बायोस म्हणतात. तिथे या सोयीची, वर्च्युअलायझेशन नावाची, एक ओळ होती आणि तिच्यापुढे ‘बंद’ अशा अर्थाचा शब्द. त्यांनी ती चालू केली.

प्रोग्राम पुन्हा म्हणाला, सोय नाही.

त्यांनी निळा पडदा पुन्हा उघडला. ओळ चालूच होती. मग त्यांनी मला समजावलं, की असली जुनी यंत्रं नुसत्या रिस्टार्टने ऐकत नाहीत. वीज पूर्ण तोडावी लागते, तेव्हा कुठे त्यांना नवी गोष्ट पटते. कंप्यूटर बंद करून त्यांनी भिंतीवरचं बटण बंद केलं, तीसपर्यंत आकडे मोजले, परत चालू केलं. सोय नाही. दुसऱ्या दिवशी शंभरपर्यंत मोजले. सोय नाही.

त्या संध्याकाळी तुमच्या बाबांचा फोन आला. मी सगळं सांगितलं. ते म्हणाले, “रहने दो ना आई. कोण वाचणार आहे ते?” मी अच्छा म्हटलं.

तिसऱ्या दिवशी दुपारी यांनी चहाला हात लावला नाही. पुन्हा तेच सगळं झालं, पुन्हा तोच नकार पडद्यावर आला. त्यांनी डब्यावरचा हात काढून मांडीवर ठेवला आणि म्हणाले, “भाभीजी, लगता है लिस्ट ग़लत है. लगता है इसमें…” पुढचे शब्द मला ठाऊक होते. तेवढ्यात लाइट गेली.

पंखा थांबला. फ्रिज थांबला. डबा घरघरत राहिला.

त्यांनी डब्याकडे पाहिलं, मग पंख्याकडे, मग परत डब्याकडे. “ये बिजली कहाँ से पी रहा है?”

“यूपीएस से,” मी म्हटलं.

“यूपीएस तो बंद है.”

कोणी सांगितलं, असं मी विचारलं. त्यांनी टेबलावरच्या भिंतीकडे बोट दाखवलं. तिथे आजोबांच्या अक्षरातली चिठ्ठी अजून आहे: ‘यूपीएस बंद करू नये’. एकदा दिवसभराचं टाईप केलेलं वाहून गेलं होतं, तेव्हा त्यांनी ती लावली.

“डॉक्टर साहब ने ही तो लिखा है,” ते म्हणाले. “यूपीएस बंद. करूँ नये. हम समझे, पुराना बंद पड़ा है, नये लगवाने हैं.”

यूपीएस टेबलाखाली मी विणलेल्या क्रोशाच्या झाकणाखाली होता, कारण त्याचा दिवा माझ्या डोळ्यांत खुपे. लाइट गेली की तो शिट्टी मारायचा, पण ती शिट्टी आजोबांनी पहिल्याच आठवड्यात काढून टाकली होती. त्यामुळे भिंतीवरचं बटण बंद करून हे मोजत बसत, आणि यूपीएस निमूटपणे डब्याला वीज पुरवत राही. तीन दिवसांत वीज एकदाही तुटली नव्हती.

मी त्यांना अर्थ सांगितला. मराठीत ‘करू नये’ म्हणजे ‘मत करना’. ‘नये’चा नव्याशी काही संबंध नाही. ते चिठ्ठीकडे बघत राहिले.

“तीन दिन मशीन से पूछते रहे,” ते म्हणाले. “आपसे नहीं पूछा.”

मी झाकण बाजूला केलं आणि म्हटलं, करा बंद. ते खुर्चीतून उठून दोन पावलं मागे सरकले. “डॉक्टर साहब का लिखा है. आप कीजिए.”

एवढ्या वर्षांत ते बटण कोणी दाबलं नव्हतं. मी चिठ्ठीकडे न बघता दाबलं. डब्याची घरघर थांबली. लाइट यायला पाऊण तास लागला, म्हणून या वेळी मोजावं लागलं नाही. मी चहा पुन्हा गरम केला. त्यांनी तो प्यायला.

मग सगळं सुरू केलं. नकार आला नाही. मोठ्या पडद्याच्या आत एक छोटा पडदा उघडला, त्यावर जुनं विंडोज, आणि त्याच्या कोपऱ्यात आजोबांनी ठेवला होता तिथेच कोश. मी शेवटच्या पानावर गेले. आजोबांनी सगळ्यात शेवटी टाईप केलेला शब्द होता: ‘अच्छा. (आजीचा.) अर्थ: मला पटलेलं नाही. पुढे बोलू नये.’

यांनी ते सावकाश मोठ्याने वाचलं आणि या वेळी आधी विचारलं, की इथे ‘नये’ कुठलं? मी सांगितलं. ते म्हणाले, “डॉक्टर साहब ने सही लिखा है.” मग पदर डोळ्यांना लावायला मला वेळ मिळावा, म्हणून ते उगाचच मागच्या वायरी तपासायला टेबलाखाली गेले.

गेल्या थंडीत ते ऑपरेशनसाठी शहराच्या दुसऱ्या टोकाला, तेलीबागला, मुलीकडे गेले. तिथून परत आले नाहीत. मला हे चष्मेवाल्याकडून महिन्याभराने कळलं. त्यांच्या खोलीत आता मोबाइलची कव्हरं विकतात. पाटी कोणी उतरवलेली नाही. तिच्याखाली आता काही ठीक होत नाही.

कोशात मी माझ्या हाताने एकच शब्द घातला आहे: ‘नये. १. मनाई. २. (कंप्यूटरवाल्यांचा) नवीन. दोन्हींत घोटाळा होत असल्यास आधी विचारावं.’

काळा डबा चालू आहे. कोश त्यात उघडतो. आजोबांची चिठ्ठी भिंतीवर आहे, आणि डब्यावर मी आणखी एक लावली आहे: ‘फेकू नये’. तुमच्या बाबांसाठी खाली हिंदीतही लिहिलं आहे.