गाईच्या बाटलीतला चमचा

चौकातल्या शिंप्याला सगळे मास्तर म्हणत. टेप गळ्यात असायचा तो शोभेला. गिऱ्हाईक दारात उभं राहिलं की मास्तर नजरेनंच माप सांगे, आणि ते सहसा चुकत नसे.

दुकानातल्या कापडाच्या ढिगात त्याच्या बायकोला कुत्रीचं एक पिल्लू सापडलं होतं. तिनं नाव ठेवलं चिंधी. ती वाढली, आणि बायकोची सावलीच झाली.

बायको लेकीच्या बाळंतपणाला गेली आणि इकडे चिंधी बूड जमिनीवर घासू लागली. शेपटीखाली तांदळाच्या कणीसारखं काहीतरी चिकटलेलं दिसायचं. जंत झाले, हे मास्तरला कळलं. पण शाळेच्या गणवेशांचं काम गळ्याशी आलेलं. डॉक्टरकडे जायला सवड कुठली?

शेजारच्या गोठेवाल्यानं जंताच्या औषधाची बाटली पुढे केली. "आमच्या गाईंना हेच देतो."

"कुत्रीला चालेल?"

"जंत ते जंत. त्यात गाईचे काय नि कुत्रीचे काय."

मास्तरनं अंदाजानं चमचाभर दुधात मिसळलं. चिंधीनं त्याच्या हातची वाटी चाटूनपुसून साफ केली.

दुपार कलली तशी तिच्या तोंडातून लाळ गळू लागली. चालताना झोकांड्या जायला लागल्या, आणि ती सरळ मशीनच्या पायावर जाऊन आदळली. मास्तरनं डोळ्यांसमोर हात हलवला. पापणी लवली नाही.

तो तिला उचलून जनावरांच्या दवाखान्यात धावला. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "काय पोटात गेलंय?"

"बाहेर काहीतरी खाल्लं असेल," तो बोलून गेला.

बाई विषाचा माग काढत बसल्या. चिंधीला झटके आले तेव्हा कुठे त्याच्या तोंडून खरं निघालं. बाईंचा आवाज चढला नाही.

"गाईचं औषध जहाल असतं. कुत्र्याला जंताचं औषध वजन करून, थेंब मोजून द्यायचं. आणि तुम्ही सांगताय ते चपटे जंत. त्यांच्यावर याचा उपयोगच नाही."

"उतारा असेल ना काही?"

"नाही. सलाईन लावू, वाट बघू. आल्याआल्या सांगितलं असतंत तर पोट तरी धुता आलं असतं."

चिंधी वाचली. नजर मात्र अर्धीमुर्धीच परत आली.

बायको आली तेव्हा तिनं पिशवी खाली ठेवायच्या आत मास्तरनं सगळं सांगून टाकलं. ती उंबऱ्यातच बसली, चिंधीचं डोकं मांडीवर घेऊन.

"फोन होता ना तुमच्याकडे," एवढंच म्हणाली.

पुढे बाईंनी वजन करून योग्य गोळी दिली. ती बायकोच्या हातून चिंधीनं मुकाट घेतली. मास्तरनं पोळीचा तुकडा धरला तर ती हुंगते आणि तोंड फिरवते. मग तो तुकडा जमिनीवर ठेवतो, मशीनवर जाऊन बसतो आणि तिच्याकडे पाठ करतो. तेव्हा ती खाते.