जंतूचं तोंड

दादा,

मी इंग्लंडला निघाले त्या सकाळी तू बैलगाडी जुंपून दिली नाहीस. ट्रंक डोक्यावर घेऊन मी एकटी चाकणच्या एसटीपर्यंत चालत गेले. ओट्यावरून तू म्हणालास, "यमी तापानं गेली, तू तुज्या पायानं चाललीस. आमाला दोगीबी मेल्याच." आईला तू बाहेर येऊ दिलं नाहीस. हे मी विसरलेले नाही.

पिंपरीच्या औषध कारखान्यात मी लॅबमध्ये होते, तोवर तुला माझं शिक्षण चालत होतं. इंग्लंडची स्कॉलरशिप आली तेव्हा मात्र घराण्याची अब्रू आठवली.

तिथं काम मिळालं ते विषमज्वराच्या जंतूवरच. आपल्या धाकटीला, यमीला ज्यानं नेलं, तोच. त्याला जगायला लागणारं द्रव्य तयार करणारं एक एंझाइम असतं. त्याचे स्फटिक करायचे, त्यांवर क्ष-किरण सोडायचे आणि फिल्मवरच्या ठिपक्यांवरून त्याचा आकार शोधायचा. थंड खोलीत दोन स्वेटर घालून मी नळ्या बघत बसायचे. नुसता गाळ. फार उशिरा साखरेच्या कणाएवढे स्फटिक आले, आणि त्यांवरून आकार सापडला. तिथल्या साहेबानं मला कधी नावानं हाक मारली नाही. शोधनिबंध लिहिला तेव्हा माझं नाव शेवटी आभारात टाकलं.

मी म्हणाले, "नाव वर लेखकांत घ्या, नाहीतर उरलेले स्फटिक आत्ता सिंकमध्ये ओतते."

त्यानं घेतलं. पुढे माझ्याशी बोलणं टाकलं. मलाही त्याच्याशी बोलायचं नव्हतं.

परत आले तेव्हा तू भोसरीच्या कंपनीत लागला होतास. एंझाइमच्या मॉडेलचा फोटो पुढं केला, तर तू हातसुद्धा लावला नाहीस.

"ह्यानं यमी वाचली आसती का?"

"नाही."

"मग कशाला दावतीस?"

आईनं फोटो ओढून घेतला. "ह्या जंतूचं त्वांड कुटं हाय?"

एंझाइमचं खाद्य जिथं बसतं ती खाच मी दाखवली. तिनं तिथं बोट दाबून धरलं. "हितं बोळा कोंबता येतो का?"

"तेच करायचंय, आई. औषधाचा बोळा."

"मग मला घिऊन चल. तुला रांधून घालीन."

लोक काय म्हणतील, असं तू म्हणत राहिलास. ती लुगडी बांधत राहिली.

आता चिंचवडला आमच्या दोन खोल्या आहेत. बोळा सापडलेला नाही. माझ्या हयातीत सापडेलच असंही नाही. संध्याकाळी आई विचारते, मी नाही म्हणते, ती भाकरी वाढते. माझं घर ते एवढंच.

तिला भेटायला ये. मला भेटायला येऊ नकोस.