दुधाने धुतलेली चावी

चूक माझी होती, हे आधीच सांगून टाकते. नवरा अजून लोकांना सांगताना "आमच्या हातून झालं" म्हणतो. आमच्या नाही, माझ्या.

दोन हजार सालानंतर तीन-चार वर्षांनी आम्ही दोघं रास अल खैमात एका अरबाच्या घरी कामाला होतो. नवरा ड्रायव्हर, मी स्वयंपाकघरात. तिकडे मालकाला अरबाब म्हणतात आणि मालकिणीला मामा. बाईमाणसाला मामा म्हणायला माझी जीभ महिनाभर अडखळली, मग सवय झाली. घरामागे आम्हाला एक खोली दिली होती. दोघांचा व्हिसा त्याच घरावर होता, म्हणजे एकाला काढलं की दुसऱ्यानेही बॅग भरायची. मुलगी रत्नागिरीला माझ्या बहिणीकडे राहून नर्सिंग शिकत होती. पहिलं वर्ष नुकतंच सुरू झालं होतं. तिची तीन वर्षं आम्ही तिथे टिकलो तरच पार पडणार होती, आणि आमचा व्हिसा दीड महिन्यात संपत होता. तो पुढे वाढवायचा की नाही हे अरबाबच्या हातात होतं.

अरबाबची गाडी जर्मन होती. मोठी, पांढरी, आत चामड्याच्या सीटा. दहा वर्षांची जुनी, पण तो ती विकत नव्हता. मुलगे म्हणायचे, "बाबा, नवी घे." तो म्हणायचा, "नव्या गाड्या डब्यासारख्या वाजतात." त्या गाडीची चावी एकच उरली होती. डोकं जाड, काळं, त्यावर बटणं. बटण दाबलं की दारं उघडायची आणि इंजिनाचं कुलूपही सुटायचं. दुसरी चावी आधीच्या ड्रायव्हरने हरवली होती. त्याला घरी पाठवलं, हे आम्हाला पहिल्याच दिवशी ऐकवलं गेलं होतं.

त्या वर्षी दसऱ्याच्या सुमाराला अरबाब उमऱ्याला, म्हणजे मक्केच्या यात्रेला गेला होता, आठ दिवसांसाठी. मामा गुडघ्यांमुळे घरीच होती.

आमच्याकडे दसऱ्याला हत्यारं पुजतात. कोयता, विळी, कुदळ, पहार, सगळं आदल्या दिवशी घासायचं, दुधापाण्याने धुवायचं, हळदकुंकू लावायचं, झेंडूचं फूल ठेवायचं. शहरात राहणारे गाडीला हार घालतात. पण ही गाडी अरबाबच्या पोर्चमध्ये उभी. मुसलमानाच्या दारात, त्याच्या गाडीच्या टपावर मी हळदकुंकू कशी लावणार? म्हणून म्हटलं, गाडी नको, चावी पुजू. खोलीत, दार लावून, कुणाला त्रास नाही. नवरा आंघोळीला गेला होता. मी चावी ताटलीत ठेवली, कोयत्यावर ओततात तसं वाटीभर दूध ओतलं, मग पाणी, मग हळद. चौथीपर्यंत शिकलेली बाई मी. चावी म्हणजे लोखंड, एवढंच मला माहीत. त्या डोक्यात तारा असतात हे मला कुणी सांगितलं नव्हतं, आणि मीही विचारलं नव्हतं.

नवरा आला, ताटलीकडे बघून म्हणाला, "हे काय?"

"पूजा."

"चावीला आंघोळ घातलीस?"

"पुसते ना."

पुसून काय होतंय. बटणं मेली होती. लोखंडाने दार उघडलं, चावी फिरली, पण इंजिन लागेना. दिवे लागायचे, डॅशबोर्डवर कसलासा तांबडा दिवा चमकायचा, आणि गाडी ढिम्म.

दोन दिवस चावी उन्हात ठेवली. बॅटरी नवी घातली. काही नाही. नवऱ्याने दुबईतल्या शोरूमला फोन लावला. तिथल्या माणसाने सांगितलं, चावी जर्मनीहून येईल, तीन-चार आठवडे लागतील, नऊशे दिरहम आणि मालकाची सही. नवरा फोन ठेवून मला म्हणाला, "नऊशे! म्हणजे अकरा-बारा हजार." मी म्हटलं, "पैशाचं सोडा, सही कोण करणार?"

मामाने विचारलं गाडी का हलत नाही, तेव्हा नवरा बोलून गेला, "मामा, बॅटरी खलास." ते मला आवडलं नाही. पण मीही तिथेच उभी होते आणि तोंड उघडलं नाही.

शुक्रवारी आम्हाला दुपारनंतर सुट्टी असायची. शेअर टॅक्सीने दोघं शारजाला गेलो. तिथे गॅरेजांच्या वस्तीत एक मल्याळी चाव्या बनवतो, असं नवऱ्याच्या ओळखीतल्या एका ड्रायव्हरने सांगितलं होतं. एवढंसं दुकान, भिंतभर चाव्या टांगलेल्या, मधे तो भिंग लावून बसलेला. त्याने आमची चावी उघडली, नाकाशी नेली आणि हिंदीत म्हणाला, "इसमें क्या पकाया?"

नवरा रस्त्याकडे बघायला लागला. मी म्हटलं, "दूध गया. पूजा का."

तो इतका हसला की भिंग पडलं. "अम्मा, हम भी गाडी का पूजा करता है. चंदन बोनेट पे लगाता है. चाबी को पायसम नहीं पिलाता!"

हसू दे. पण माणूस कामाचा होता. म्हणाला, आतली पट्टी गंजली, ही चावी आता जगत नाही. पण जुन्या गाड्यांच्या भंगारात याच जातीची गाडी मिळेल. तिची पेटी, म्हणजे इंजिनाचं कुलूप सांभाळणारी डबी, आणि त्या पेटीच्या जोडीचे दोन रिमोट काढून या गाडीत बसवतो. लोखंड नवं कापतो. नव्यासारखं चालेल, शोरूमच्या निम्म्यात.

नवरा उजळला. "तो यल्ला, चलो, कब आएगा? मंगलवार के पहले कर दो." मंगळवारी अरबाब परतणार होता.

"मालिक को बोलो सामने रहने को. और मुल्किया दिखाओ." मुल्किया म्हणजे गाडीचा कागद. तो अरबाबच्या कपाटात, कुलपात.

"मालिक बाहर गया है. मैं उसका ड्रायव्हर है ना, सात साल से."

"चाचा, चोर भी यही बोलता है."

नवऱ्याने थोडे जास्त पैसे देऊ केले. त्या माणसाने चावी परत कागदात गुंडाळली आणि आमच्यासमोर ठेवली. वर म्हणाला, "गुस्सा मत करो. कल तुम्हारा गाडी कोई चुराएगा, तो मेरे पास ही आएगा ना चाबी बनाने? तब मैं क्या करूँ?"

मला त्याचा राग आला नाही. बरोबरच बोलत होता.

परतीच्या टॅक्सीत मागे आम्ही दोघंच होतो. मी म्हटलं, "अरबाबला सांगायला लागणार."

"काय सांगणार? तुमच्या चावीची पूजा केली? तो काय समजेल? त्यांच्यात हे चालतं का?"

"भिजवली म्हणून सांगेन. का भिजवली विचारलं तर तेही सांगेन."

"आणि बॅटरीचं?"

"ते तुम्ही सांगा. ते तुमचं."

"वा! म्हणजे तू भिजवायची आणि बोलणी मी खायची."

"तुमच्या वाटची तुम्ही खा, माझ्या वाटची मी खाते."



दुसऱ्या दिवशी दुपारचा चहा देताना मी मामाला सगळं सांगितलं. ती मुंबईत औषधपाण्याला अनेकदा राहिलेली, हिंदी चांगली बोलायची. तिने ऐकून घेतलं, कप खाली ठेवला आणि म्हणाली, "मैं नहीं बोलूँगी उसको. तू बोल. उसको दूसरे के मुँह से सुनना अच्छा नहीं लगता." मग विचारलं, "दूध गरम था या ठंडा?"

"ठंडा."

"अच्छा," म्हणाली. का विचारलं, मला आजवर कळलेलं नाही.

मंगळवारी अरबाबला पुतण्याने विमानतळावरून आणलं. तो दिवस मी जाऊ दिला, थकलेल्या माणसाला काय सांगायचं. बुधवारी सकाळी मजलिसमध्ये, म्हणजे त्याच्या बैठकीच्या खोलीत, गेले आणि उभ्याउभ्या सांगितलं. माझ्या मोडक्या हिंदीत, दसरा, कोयता, दूध, सगळं. नवरा दाराशी होता. माझं झाल्यावर तोही आत आला आणि म्हणाला, "अरबाब, बॅटरी झूठ था. डर गया मैं."

अरबाबने हातातली माळ ओढत ऐकलं. मग मला म्हणाला, "मेरा बाप नया लाँच पानी में उतारता था तो बकरा काटता था. सारा मोहल्ला खाता था. लाँच को खून लगाता था, आगे." बोटाने हवेत होडीचं टोक दाखवलं. "लेकिन वो लकडी था. लकडी को कुछ नहीं होता."

मी म्हटलं, "हाँ अरबाब."

मग तो नवऱ्याकडे वळला. "पहला ड्रायव्हर. चाबी गुमा, मैं कुछ नहीं बोला. वो एक महीना झूठ बोलता रहा, घर में है, घर में है. इसलिए गया."



"चाबीवाला को फोन करो," अरबाब म्हणाला.

गुरुवारी मल्याळी सामान घेऊन आला. अरबाबने पोर्चमध्ये खुर्ची टाकायला सांगितली आणि आत जाऊन कपाट उघडलं. बाहेर आला तेव्हा हातात मुल्किया होता. आणि आमचे दोन पासपोर्ट. नोकरांचे पासपोर्ट तेव्हा मालकाकडेच असायचे. ते बाहेर निघाले म्हणजे एकतर तुम्ही सुट्टीवर निघालात किंवा कायमचे. आमची सुट्टी नव्हती.

त्याने मुल्किया मल्याळ्याला दाखवला आणि पासपोर्ट मांडीवर ठेवून बसला. मला कळलं, नवऱ्यालाही कळलं. पण मधेच काय विचारणार? मी आत जाऊन डाळ शिजत घातली, परत आले, पासपोर्ट मांडीवरच. मनात मी बहिणीला काय सांगायचं ते जुळवायला घेतलं. मुलीला एक वर्ष थांबायला सांगायचं, की बहिणीच्या नवऱ्याकडे शब्द टाकायचा? शब्द टाकला असता. मला मागायची लाज नाही, पोरीने मधेच सोडलं असतं तर लाज वाटली असती.

तीन तास लागले. मल्याळी स्टिअरिंगखाली आडवा पडून तारा जोडत होता. आम्ही बघत होतो. शेवटी तो उठला, दूर जाऊन बटण दाबलं. चारही दारं एकदम टक् करून सुटली. नवऱ्याने चावी फिरवली आणि गाडी लागली. मल्याळी माझ्याकडे बघून म्हणाला, "अम्मा, ये वाला सिर्फ दूर से नमस्कार." अरबाबला काय ते कळलं असावं, कारण तोही हसला.

गाडीतली चावी अरबाबने नवऱ्याकडेच राहू दिली, दुसरी मामाकडे आत पाठवली. मग मांडीवरचे पासपोर्ट घेऊन उठला आणि गाडीच्या खिडकीशी नवऱ्यापुढे धरले. नवऱ्याने हात पुढे केला नाही. मीच घेतले.

"टाइम खतम हो रहा है दोनों का," अरबाब म्हणाला. "शनिवार को पहले मछली मार्केट, फिर मेडिकल. खून, एक्स-रे. खलास. तीन साल और."

मेडिकल, म्हणजे तपासणी, व्हिसा वाढवायच्या आधीच करतात. हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं, तरी नवऱ्याला ते पोचायला वेळ लागला. मग त्याने गाडी बंद केली, उतरला, आणि इतक्या दिवसांनी पहिल्यांदा नीट आवाजात बोलला. अरबाबला विचारलं, "अरबाब, उपाशी पोटी यायचं का?"

मराठीत विचारलं. मलाच हिंदी करून सांगावं लागलं.