बशीरभाईंची परमुलखातली बाबागाडी

अकोल्याच्या जुन्या शहरातली आमची अर्धी गल्ली बशीरभाईंनी भरलेल्या गाद्यांवर लहानाची मोठी झाली. दोन हजार पाच-सहाची वर्षं आली, कापसाचा भाव बसला, शेतकऱ्यांच्या हाती पैसा राहिना आणि लग्नातही कुणी नवी गादी भरेना. दुकान थंड पडलं, म्हणून भाई शकीलाभाभींना घेऊन जर्मनीत लेकीकडे गेले. पासपोर्टच्या फोटोतही त्यांच्या मिशीत कापूस असणार, याची मला खात्री आहे.

लेक उज्माला तिथल्या भाषेचा वर्ग लावायचा होता. भाभींचे गुडघे दुखरे. तिच्या एक वर्षाच्या रय्यानला अब्बा एकटे फिरवू शकले, तरच तिचा वर्ग जमणार होता. तिनं अब्बांकडून ट्राम, थांबा, बाग, सगळं पाठ करून घेतलं. पोरासकट बाबागाडी आत ढकलायची असते, हे सांगायचं मात्र तिला सुचलं नाही.

आपल्याकडे अंजनगावची एसटी लागली की आधी पोर खिडकीतून आत, मिळेल त्या मांडीवर. मग सामान, मग माणूस. नाव न विचारता पोर सांभाळणाऱ्या, वर शेंगदाणे चारणाऱ्या त्या मांड्या अजून आठवतात.

पहिल्याच दिवशी ट्राम आली, गच्च भरलेली. भाईंनी रय्यानला दारातल्या एका म्हाताऱ्या बाईंच्या हातात दिलं आणि बाबागाडी मिटायला वाकले. खटका सापडेना. दार लागलं. ट्राम नातवाला घेऊन गेली.

"मंग?" अकोल्याला परतल्यावर भाई हे सांगत होते, तेव्हा मी विचारलं.

"मंग काय भाऊ, रिकामी गाडी घेऊन पळून राहिलो. लोक पाहून राहिले, का बुढा पोराले कुठं सांडून आला."

पुढच्या थांब्यावर बाई रय्यानला घेऊन उभ्या होत्या. त्या जर्मनमध्ये रागावल्या, भाईंनी वऱ्हाडीत माफी मागितली. कुणाचंच काही अडलं नाही. मग बाईंनी पोराला बाबागाडीत बसवून ती पुढच्या ट्राममध्ये सरळ ढकलली. दार आणि फलाट एका पातळीत. ना उचलायचं, ना मिटायचं.

घरी भाईंनी सगळं सांगून टाकलं. उज्मानं विचारलं,

"अब्बा, मलेबी असंच देत होते का खिडकीतून?"

"दरसाल. एकडाव तं तू दर्यापूरपर्यंत दुसऱ्याच गाडीत गेली."

"अम्मीले सांगतलं होतं?"

"आज सांगून राहिलो."

भाभींनी लाटणं खाली ठेवलं. उज्माला मात्र हसू आवरेना.

दुसऱ्या दिवशी ती थांब्यापर्यंत सोबत आली. भाईंनी बाबागाडी रय्यानसकट आत ढकलली, ब्रेक लावला, दांडा दोन्ही हातांनी धरला. दार लागलं तेव्हा उज्मा फलाटावरच होती. वर्गाला जायची तिची ट्राम पलीकडच्या फलाटाला लागत होती; ती तिकडे वळली.