टर्नरकाकांचं सूप

छत्तीस वर्षं कारखान्यात लेथवर लोखंड कातलं, पण टर्नरकाकांनी घरातल्या गॅसला कधी हात लावला नाही. ती काकूंची हद्द. मग काकूंच्या घशात गाठ निघाली, सात आठवड्यांचं रेडिएशन ठरलं आणि दोघं इस्पितळामागच्या रुग्णनिवासात राहायला आली. खोल्या बारा, स्वयंपाकघर एकच आणि त्याच्या दारावर पाटी : 'ज्याचं त्यानं रांधावं.'

काकांनी पाटी दोनदा वाचली.

"चिमूटभर म्हणजे किती हो?" त्यांनी शेजारच्या शेगडीवरच्या बाईंना विचारलं. या बाई बसवर कंडक्टर. वडिलांच्या उपचारांसाठी रजा काढून आलेल्या.

"चिमूटभर म्हणजे चिमूटभर, काका!"

"माझी की तुमची? माझी बोटं बघा केवढी आहेत."

सगळं स्वयंपाकघर खो खो हसलं. काकाही हसले आणि तेवढ्यात त्यांचं दूध उतू गेलं.

तिसऱ्या आठवड्यात मात्र हसू पळालं. काकूंचा घसा आतून सोलवटून निघाला. पाणी गिळतानाही डोळे भरून यायचे. काकांनी केलेलं बटाट्याचं सूप त्यांनी चमचाभर घेतलं आणि वाटी सरकवली. आवाज बसलेला, म्हणून वहीत लिहिलं : 'टोचतं.'

काकांनी सूप दोन बोटांत चोळून पाहिलं. बारीक कण लागले. खरखर कशी घालवायची, हे त्यांना कुणी शिकवायला नको होतं. ते तडक स्वयंपाकघरात गेले. सूप आधी चाळणीतून काढलं, मग गाळणीतून, मग धुतलेल्या मलमलीतून. दर खेपेला बोटांत चोळून पाहायचे आणि मान हलवायचे.

"काका, सूप गाळताय की सोनं?" कंडक्टरबाई म्हणाल्या.

"थांबा, अजून हाताला लागतंय."

शेवटी लोणी घालून, कोमट करून त्यांनी वाटी नेली. काकूंनी एक चमचा घेतला. थांबल्या. दुसरा घेतला. वाटी रिकामी झाली तेव्हा कुठे काकांचा जीव भांड्यात पडला. काकूंनी वही ओढली. कौतुक असणार म्हणून काका वाकले. लिहिलं होतं : 'आता भांडी घासून ठेवा. लोक खोळंबलेत.'

दुसऱ्या दिवशी कंडक्टरबाईंनी वाटी पुढे केली. "काका, एक तिकीट आमच्या बाबांचंही फाडा." त्यांच्या वडिलांचंही दुखणं तेच होतं. पाचव्या आठवड्यापर्यंत काका चार खोल्यांचं सूप करत होते आणि कुणी मध्ये लुडबुड केली तर चक्क ओरडत होते.

सहा महिन्यांनी तपासणी झाली. गाठ दिसत नाही, डॉक्टर म्हणाले. काकूंचा आवाज परतला होता, घोगरा पण ठसठशीत.

"मला काहीतरी कडक खायचंय," बाहेर पडताच त्या म्हणाल्या. "दाताखाली आवाज झाला पाहिजे."

काका समोरच्या बेकरीतून टोस्ट घेऊन आले. दोघं बाकावर बसली. काकू एकेक तुकडा मोडत, पाण्याचा घोट घेत, सावकाश चावत राहिल्या. एक टोस्ट संपायला अर्धा तास लागला. काकांनी पुडी उघडीच धरली होती.

"अजून एक?"

"द्या की!"