चाचांची भरपगारी सोबत

सोबतीचाचांच्या अंगावर इस्त्रीचा पांढरा शर्ट दिसला की माझं डोकं फिरायचं. आमच्या मलकापूरच्या सूतगिरणीत त्या शर्टाचा अर्थ सगळ्यांना ठाऊक होता. आज कुणाची तरी चौकशी आहे आणि चाचा त्याच्यासोबत बुलढाण्याच्या मुख्य कार्यालयात निघालेत. आरोप असलेल्या कामगाराने एक सहकारी सोबत न्यावा, त्या सोबत्याची हजेरी भरपगारी लागावी, असा नियमच होता. आणि जो तो चाचांनाच न्यायचा.

मी मशीनवर तुटके धागे जोडत कापसाची धूळ गिळायचो आणि हे महाशय घाटातली हवा खात एसटीने जायचे. मला कधी कुणी विचारलं नाही, हे जास्त झोंबायचं. एकदा न राहवून म्हटलं, "चाचा, तिथं करता काय तुमी?"

"काई नाई बे. बाजूले बसतो. मानूस घाबरला का पानी देतो."

पाणी देण्याचा पगार! माझा नुसता जळफळाट झाला. चाचा फुकटचा पगार खातात, असा निनावी अर्ज मी साहेबांच्या पेटीत टाकला. साहेबांना निमित्तच हवं होतं. सोबतीची हजेरी बंद झाली. चाचा बिनपगारी जात राहिले, आणि मला त्याचाही राग आला.

पुढे माझ्याच पाळीत गोदामातली सुताची पोती कमी भरली, चोरीचा आळ आला आणि नोटीस माझ्या हातात पडली. नोकरी जायची वेळ आली, पण चाचांकडे जायला तोंड नव्हतं. चौकशीच्या दिवशी ते स्वतःच स्टँडवर आले, तोच शर्ट घालून.

बुलढाण्याला चौकशीत साहेब ओरडले तशी माझी जीभ टाळ्याला चिकटली. चाचांनी पेला पुढे सरकवला. "साहेब, त्याले बोलू द्या. आमी बसून राह्यलो ना." मग मला बोलता आलं. गोदामाची किल्ली त्या दिवशी माझ्याकडे नव्हतीच. नोकरी वाचली.

परतीच्या एसटीत मी सुरुवात केली, "चाचा, तो अर्ज..."

"मालूम हाय. साहेबानं तवाच दाखवला. पाळीच्या वहीत रोज पायतो तुयं अक्षर."

"मंग आले काऊन तुमी?"

"तुयासंग दुसरं कोन आलं असतं बे?"

खरं होतं ते. कुणीच आलं नसतं.

गेल्या वर्षी चाचा गेले. मयताला अख्खी गिरणी लोटली होती. त्या गर्दीत मला खांदा द्यायलाही जागा मिळेना, आणि तिथंसुद्धा मला चाचांचा हेवाच वाटला.